डिटर्जंट निवडताना: आधी कापड, मग पाणी, मग त्वचा

“फ्रंट लोड मशीनमध्ये नेहमीची पावडर टाकली तर काय बिघडतं?” “बाळाच्या मानेवर पुरळ आलंय, पावडर बदलू का?” “बोअरच्या पाण्यात फेसच होत नाही, मग पावडर वाढवायची का?” “सासूबाईंची पैठणी घरी धुतली तर चालेल?” वाचकांचे हे प्रश्न वर्षभर येत राहतात आणि पावसाळा लागला की वाढतात. जाहिरातींकडे या सगळ्यांवर एकच उत्तर असतं: आमचा पुडा घ्या.

खरं उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. कापड कोणतं, पाणी कसलं आणि ते कपडे घालणाऱ्याची त्वचा कशी. या क्रमाने विचार केलात तर बहुतेक घरांना दोन प्रकारचे डिटर्जंट पुरतात. खाज-पुरळाची तक्रार असेल तर महाग पुडा आणण्याआधी माप कमी करा आणि एक पाणी जास्त काढा. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

पुड्यात काय असतं?

निवड करण्यापुरतं एवढं माहीत असलं तरी पुरे:

- मळ सोडवणारा मुख्य घटक. तेलकटपणा कापडापासून सुटा करून पाण्यात नेतो. हा सगळ्याच डिटर्जंटमध्ये असतो.
- धुण्याचा सोडा आणि इतर क्षार. यांच्यामुळे पावडर आणि वडी अल्कधर्मी होते. पाण्यात कालवलेल्या पावडरीचा सामू साधारण १० ते ११ असतो, तर आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. धुणं करणाऱ्याचे हात कोरडे पडून भेगाळतात, त्याचं हे एक मोठं कारण.
- एन्झाइम. रक्त, दूध, घाम, वरण-भात यांचे डाग तोडतात. कोमट पाण्यात चांगले चालतात, उकळत्या पाण्यात निकामी होतात.
- उजळपणा देणारी द्रव्यं. ही मळ काढत नाहीत. कापडावर बसून त्याला निळसर शुभ्र झाक देतात. मोतिया किंवा बदामी रंगाच्या कपड्याचा मूळ रंग यांनी बदलू शकतो.
- सुगंध आणि परिरक्षक. यांचा स्वच्छतेशी संबंध नाही. डिटर्जंटमुळे खरी अ‍ॅलर्जी होते तेव्हा संशय आधी यांच्यावर घ्यावा. लिक्विडमध्ये पाणी असल्याने ते टिकवायला परिरक्षक लागतो. मिथाइलआयसोथायझोलिनोन हा त्यातला एक, अ‍ॅलर्जीसाठी ओळखला जाणारा.

फेसाचं काय? फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, असं नाही. फ्रंट लोड मशीनमध्ये तर जादा फेस आपटण्याची क्रिया मंद करतो, कपड्यात अडकून राहतो आणि कधी मशीन मध्येच थांबवतो. म्हणून त्यासाठी कमी फेसाचं, ‘फ्रंट लोड’ असं छापलेलं डिटर्जंटच घ्या. टॉप लोडचं आणि हातधुण्याचं त्यात घालू नका.

पायरी १: कापड पाहा

कपड्याच्या आतल्या शिवणीतली चिठ्ठी कापून टाकण्याआधी वाचा. टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान. टबात हात असेल तर फक्त हाताने धुवा. त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीच नको, टबावर फुली असेल तर पाण्यातच घालू नका. वर्तुळ ड्रायक्लीनसाठी असतं.

- रोजचं सुती, चादरी, टॉवेल. साधी एन्झाइमवाली पावडर उत्तम. कोमट पाणी चालतं. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, पाणी टिपण्याची त्याची ताकद कमी होते. सोलापुरी चादरी पहिल्या एक-दोन धुण्यांत वेगळ्या धुवा आणि मशीन ठासून भरू नका.
- पॉलिस्टर, टेरिकॉट, व्यायामाचे कपडे. यांत घामाचा तेलकट अंश चिकटून राहतो आणि वास जात नाही. उलटे करून लिक्विडने धुवा. सॉफ्टनर नको, फार गरम पाणीही नको.
- जीन्स, काळे आणि गडद कपडे. उलटे करून, थंड पाण्यात, लिक्विडने धुवा. पावडर नीट विरघळली नाही तर पांढरे ओरखडे दिसतात.
- इरकल, खण आणि नव्या गडद सुती साड्या. रंग जाण्याची शक्यता धरूनच चाला. पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका अर्धा मिनिट दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर साडी एकटी, थंड पाण्यात, सौम्य लिक्विडने झटपट धुवा, भिजत ठेवू नका. मिठाच्या पाण्यात घातल्याने कच्चा रंग पक्का होत नाही.
- रेशीम. रेशीम हे प्रथिन आहे. प्रथिनांचे डाग तोडणारं एन्झाइम रेशमाचाही धागा कमकुवत करतं, सोडा त्याची चकाकी घालवतो आणि क्लोरीन ब्लीच ते खातं. रोजच्या वापरातलं साधं रेशीम उदासीन, एन्झाइमविरहित लिक्विडने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा.
- पैठणी आणि जरीचं वस्त्र. घरी धुवू नका. नेसून झाल्यावर सावलीत वाऱ्यावर टाका, घाम सुकू द्या, सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि घडी अधूनमधून बदला. डाग पडला तर घासू नका, पावडर टाकून डाग टिपा असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. साडी सरळ जाणकार ड्रायक्लीनरकडे न्या.
- लोकर. थंड पाणी, लोकरीसाठीचं लिक्विड, चोळणं नाही. गरम पाणी आणि रगडणं एकत्र आलं की लोकर आटून घट्ट होते. स्वेटर दोरीवर टांगला तर ताणला जातो, आडवा पसरून वाळवा.

रिठा वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रात्रभर भिजवलेले रिठे कोळून पाणी गाळून घ्या, तरी फिकट रेशमावर जपून वापरा, कारण त्याची तांबूस झाक येऊ शकते. आणि ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, जबर झोंबतं.

पायरी २: पाणी ओळखा

पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते जड होतं. अशा पाण्यात साबणाचा फेस न होता राखाडी साका तयार होतो. तोच कपड्यावर बसून पांढरे कपडे कळकट आणि टॉवेल खरखरीत होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडू शकतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर भूजल खारटच असतं.

घरी तपासायचं असेल तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, आंघोळीच्या साध्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस राहिला तर पाणी मऊ. फेस न टिकता पाणी दुधाळ झालं तर जड.

पाणी जड असेल तर:

1. धुण्याच्या वडीऐवजी पावडर किंवा लिक्विड वापरा. जुन्या पद्धतीचा साबण तर नकोच.
2. माप अंदाजाने दुप्पट करू नका. पुड्यावर जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असेल तर तेवढंच वाढवा.
3. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी थोडंच असेल तर ते शेवटच्या विसळण्यासाठी राखून ठेवा.
4. पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीला तांबडट थर धरत असेल, तर क्लोरीन ब्लीच अजिबात वापरू नका. कपड्यावर गंजासारखे डाग पडतील.

पाणी मऊ असेल तर उलट काळजी घ्यायची. मुंबईसारख्या धरणाच्या पाण्याच्या शहरांत थोड्याच पावडरीत भरपूर फेस होतो आणि तो काढता काढता पाणी संपतं. तिथे छापलेल्या मापातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करा.

पायरी ३: माप आणि विसळणं

मुठीने पावडर घालण्याची सवय सोडा. पुड्यात एक ठरलेला चमचा ठेवा. पुड्यावरचं माप बादलीसाठी आहे की मशीनसाठी, आणि किती किलो कपड्यांसाठी, हे एकदा नीट वाचून घ्या.

- पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग कपडे घाला.
- भिजवायला अर्धा तास पुरे. रात्रभर भिजवून मळ जास्त निघत नाही, पावसाळ्यात कुबट वास मात्र धरतो आणि रंग एकमेकांना लागतात.
- मशीनमध्ये कपड्यांच्या वर हाताचा पंजा जाईल एवढी जागा ठेवा.
- फ्रंट लोड कमी पाण्यात धुतं. त्वचेची तक्रार असलेल्या घराने ‘एक्स्ट्रा रिन्स’ चालूच ठेवावं.

विसळणं पुरेसं झालं का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. धुऊन वाळलेला एक टॉवेल स्वच्छ कोमट पाण्यात घालून हलवा. पाण्यावर फेस आला किंवा पाणी बुळबुळीत लागलं तर डिटर्जंट कापडातच उरतंय. अशा वेळी पुडा बदलण्याची घाई करू नका, आधी माप कमी करा.

खाज, पुरळ आणि बदललेला पुडा

नवा पुडा आणला आणि अंगाला खाज सुटली की दोष पुड्याला जातो. पण कपड्यात उरलेल्या डिटर्जंटची खरी अ‍ॅलर्जी तशी क्वचित आढळते. उरलेल्या क्षारांनी त्वचा हुळहुळणं जास्त संभवतं, आणि ज्यांची त्वचा मुळात कोरडी किंवा एक्झिमाची आहे त्यांना ते आधी जाणवतं. शिवाय कारण दुसरंच असू शकतं. म्हणून पुरळ कुठे आहे ते आधी पाहा:

- फक्त हातांवर, बोटांच्या बेचक्यांत: धुताना येणारा थेट संपर्क.
- बेंबीखाली, मनगटावर: जीन्सचं बटण, बक्कल, घड्याळ यांतलं निकेल.
- काखेच्या कडेला, मांडीच्या आत, नव्या गडद कपड्यानंतर: कापडाचा रंग किंवा सुरकुत्या न पडण्यासाठीची प्रक्रिया. नवा कपडा धुऊनच घाला.
- जांघेत, कमरेवर, कड उंचावलेले गोल चट्टे: गजकर्ण असू शकतं. यावर डिटर्जंट बदलून उपयोग नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावू नका, त्याने ते चिघळतं. डॉक्टरांचे उपचार चालू असताना रुग्णाचे कपडे वेगळे, कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि इस्त्री करा.
- कापड जिथे जिथे लागतं तिथे सगळीकडे: आता डिटर्जंटचा विचार करा.

तो असा करा:

1. सॉफ्टनर, सुगंधी दाणे, शेवटच्या पाण्यातलं अँटिसेप्टिक द्रव हे सगळं बंद करा.
2. माप कमी करा आणि एक विसळणं वाढवा. उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, आतले कपडे एकदा नुसत्या पाण्यातून काढा, म्हणजे आधीचा साठा जाईल.
3. दोन आठवड्यांत फरक नसेल तर सुगंध नसलेलं लिक्विड आणा. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असं लिहिलेलं घ्या. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्यात मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो.
4. एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर, अंगाचा साबण आणि तेल एकदम बदललंत तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.
5. तरीही खाज राहिली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. यात संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर साधारण ४८ तास ठेवतात, म्हणून निदान एका भेटीत होत नाही. पावडर पाण्यात कालवून घरीच त्वचेवर लावून पाहू नका, निरोगी त्वचाही त्याने भाजू शकते.

फोड, पू, ताप, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

धुणाऱ्या हातांसाठी

घरात धुण्याला मावशी येत असतील तर हा भाग त्यांच्याशी बोलूनच ठरवा, कारण पुडा तुम्ही निवडता आणि हात त्यांचे भाजतात. रबरी हातमोजे आणि आत घालायला पातळ सुती मोजे द्या. कोरडी पावडर ओल्या हातावर घेऊन कॉलर घासण्यापेक्षा ब्रश आणि थोडं लिक्विड बरं. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावं. भेगा पडलेल्या असताना वडी टाळावी.

बाळाचे कपडे

- झबली, लंगोट, दुपटी वेगळी धुवा. मुख्य कारण हे की ती जास्त वेळा विसळता येतात.
- ‘बेबी’ छापलेलं लिक्विड घेतलंच पाहिजे असं नाही. त्यातही कडक सुगंध असू शकतो. सुगंधरहित साधं लिक्विड आणि दोनदा विसळणं पुरतं.
- शीचे लंगोट आधी थंड पाण्याने धुऊन घ्या, मग कोमट पाण्यात डिटर्जंट.
- शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिक घालू नका. कडक ऊन पुरेसं आहे. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळवून इस्त्री फिरवा.

इथे हमखास चूक होते

- हळदीचा डाग. साबण लागताच तो लाल होतो, कारण हळदीतला रंग अल्कधर्मी द्रव्यात बदलतो. घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने तो फिकट होत जातो.
- रक्ताचा डाग. गरम पाण्याने पक्का बसतो. आधी थंड पाणी.
- तेल-तुपाचा डाग. सुती किंवा पॉलिस्टर असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा.
- ब्लीचमध्ये मिसळामिसळ. क्लोरीन ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा अमोनिया कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.
- बाजारातली सुटी पावडर. किलोवर मिळणाऱ्या पावडरीवर ना घटक, ना उत्पादक, ना तारीख. सोडा जास्त असेल तर हातांना आणि रंगांना तेच आधी कळतं.
- थंड पेयाच्या बाटलीत लिक्विड. मुलं पितात. पोटात गेलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा, गरज असेल तर १०८ ला फोन करा. डोळ्यांत गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- पुड्यावरची माहिती. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. ग्रॅम किंवा किलोमागची किंमत पाहून मोठा पुडा खरंच स्वस्त आहे का ते तपासा. जास्त किंमत घेतली किंवा वजन कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा.
- दावे. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द पुरळ येणार नाही याची हमी देत नाही. ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’ अशा दाव्यांना आधार द्यावा लागतो. त्यासाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. दिशाभूल वाटली तर तक्रार करता येते.
- बिल. मागूनही बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणंही तसंच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते.
- लाँड्रीची पावती. ‘नुकसानीस जबाबदार नाही’ असं छापलं म्हणून दुकानदार निष्काळजीपणातून सुटत नाही. साडी देतानाच पावतीवर कापड, जर, आधीचे डाग आणि अंदाजे किंमत लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.
- दाद कुठे मागाल? आधी कंपनीच्या किंवा दुकानाच्या तक्रार क्रमांकावर लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तर मग काय आणाल?

रोजच्या सुती-पॉलिस्टर कपड्यांसाठी तुमच्या मशीनला चालणारी एन्झाइमवाली पावडर किंवा लिक्विड, आणि रेशीम-लोकरीसाठी उदासीन लिक्विडची एक लहान बाटली. घरात बाळ किंवा एक्झिमाचा रुग्ण असेल तर रोजचं लिक्विड सुगंधरहित घ्या, म्हणजे त्यांच्यासाठी तिसरं आणावं लागणार नाही. नवा पुडा फोडल्यावर बॅच क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. पुरळ उठलं तर त्वचारोगतज्ज्ञ हीच माहिती विचारतील आणि कपडा खराब झाला तर ग्राहक आयोगही हीच मागेल.